लगोरी फोडणारी हवा : रोबोटचा फेकणारा हात कसा आखायचा

लगोरीचे नियम महाराष्ट्रात वाढलेल्या कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. एकावर एक रचलेल्या चकत्या, समोरून येणारा चेंडू, पळापळ, आणि पाठीत चेंडू बसायच्या आत ढीग पुन्हा रचण्याची धडपड. कुणी याला लगोऱ्या म्हणते, कुणी लिंगोरचा. उत्तरेत हाच खेळ पिट्टू होतो. ऑगस्ट २०२२ मध्ये नवी दिल्लीत झालेल्या 'एबीयू रोबोकॉन' या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी स्पर्धेचा विषय हाच खेळ होता. फरक एवढाच, की लगोरी फोडायची आणि रचायचीही रोबोटनी.

एबीयू म्हणजे आशिया आणि प्रशांत महासागर परिसरातील प्रसारण संस्थांचा संघ. त्याची ही स्पर्धा २००२ मध्ये टोकियोत सुरू झाली. यजमान देश दरवर्षी आपल्या मातीतला एखादा खेळ किंवा प्रथा विषय म्हणून देतो. २००८ मध्ये ही स्पर्धा पुण्यात झाली तेव्हा विषय दहीहंडीचा होता. विषयांची यादी पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते : 'फेकणे' पुन्हा पुन्हा येते. २०१७ ला टोकियोत मऊ चकत्या, २०१८ ला व्हिएतनामच्या निन्ह बिन्हमध्ये कड्यातून पार करायचा कापडी चेंडू, २०२१ ला चीनच्या यजमानपदाखाली मडक्यात टाकायचे बाण, २०२२ ला लगोरी, २०२३ ला कंबोडियात खांबांवर अडकवायच्या रिंगा.

अमिरातीत वाढणाऱ्या आपल्या मुलांना स्पर्धेतले रोबोट नवे नाहीत. ऑक्टोबर २०१९ मध्ये दुबईत 'फर्स्ट ग्लोबल चॅलेंज' भरले, तेव्हा १९० च्या आसपास देशांतले शालेय संघ इथे आले होते. इथल्या शाळांमध्ये फर्स्ट आणि व्हेक्स या दोन्ही घराण्यांच्या स्पर्धांची नावे रुळली आहेत. यातली बरीच मुले पुढे अभियांत्रिकीसाठी पुण्या-मुंबईकडे जातात आणि रोबोकॉनच्या संघात शिरतात. तिथे पहिल्याच वर्षी कुणीतरी हातात एक सिलिंडर, एक व्हॉल्व्ह आणि शीतपेयाची रिकामी बाटली देते आणि म्हणते, "फेकणारा हात कर."

या लेखात तो हात कागदावर आखायचा आहे. बेरीज, गुणाकार आणि बारावीचे भौतिकशास्त्र एवढी शिदोरी पुरते.

आधी नियम, मग हवा

दाबयुक्त हवेबाबत प्रत्येक स्पर्धेचा नियम वेगळा आहे. रोबोकॉनमध्ये हवेचा दाब ६०० किलोपास्कल, म्हणजे ६ बारपेक्षा जास्त चालत नाही. व्हेक्सच्या व्ही-५ स्पर्धेत मर्यादा १०० पीएसआय, म्हणजे सुमारे ६.९ बार आहे. फर्स्टच्या मोठ्या एफआरसी स्पर्धेत साठा १२० पीएसआयपर्यंत ठेवता येतो, पण प्रत्यक्ष काम ६० पीएसआयवरच करावे लागते. तिचीच धाकटी बहीण एफटीसी हिच्यात मात्र दाबयुक्त हवेला वर्षानुवर्षे मनाई राहिली आहे. तिथे फेकायचे काम फिरत्या चाकांवर चालते. म्हणून पहिले काम म्हणजे त्या वर्षीचे नियमपुस्तक वाचणे.

आणखी एक लक्षात ठेवू. गेजवर दिसणारा दाब हा बाहेरच्या वातावरणापेक्षा किती जास्त ते सांगतो. गेज ६ बार दाखवते तेव्हा आतला खरा, म्हणजे निरपेक्ष दाब ७ बार असतो. बळ काढताना गेजचा आकडा लागतो; हवा किती खर्च झाली हे काढताना निरपेक्ष आकडा. पुढचे सगळे गणित या फरकावर उभे आहे.

चेंडूपासून सुरुवात

यंत्र आखताना मोटर किंवा सिलिंडरपासून सुरुवात करण्याचा मोह होतो. सुरुवात चेंडूपासून करावी. आपण टेनिसचा चेंडू घेऊ, कारण गल्लीतली लगोरी बहुतेकदा त्याच्यावरच चालते. त्याचे वस्तुमान सुमारे ५८ ग्रॅम.

फेकीचे दोन प्रकार असतात. पहिली आदळणारी फेक : लगोरी ६ मीटरवर आहे, चेंडू जवळपास सपाट जाऊन तिच्यावर आपटायला हवा. वेग सेकंदाला १२ मीटर धरला तर चेंडू अर्ध्या सेकंदात पोहोचतो आणि तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण त्याला सुमारे १.२३ मीटर खाली ओढते. म्हणून त्याला जवळजवळ १२ अंश वर रोखून सोडावे लागेल. दुसरी फेक टाकणारी : टोपली ८ मीटरवर आहे, चेंडू वरून अलगद आत पडायला हवा. ४५ अंशांत फेकले तर लागणारा वेग म्हणजे गुरुत्व त्वरण आणि अंतर यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ. ९.८१ गुणिले ८ याचे वर्गमूळ सुमारे ८.९ येते. हवेचा विरोध थोडा वेग खातो, म्हणून आपण ९ मीटर प्रति सेकंद धरू आणि नेमके जुळवण्याचे काम शेवटी रेग्युलेटरवर सोपवू.

आता खरा प्रश्न : चूक कुठून येईल? सपाट फेकीत वेग एक टक्का चुकला तर खाली येण्याचे अंतर दोन टक्के बदलते, म्हणजे फक्त अडीच सेंटिमीटर. पण कोन एक अंश चुकला तर चेंडू लगोरीजवळ दहा-अकरा सेंटिमीटर वरखाली होतो. टाकणाऱ्या फेकीत हे चित्र पूर्ण उलटते. ४५ अंशांच्या आसपास कोन एक अंशाने हलला तरी ८ मीटरच्या पल्ल्यात अर्ध्या सेंटिमीटरचाच फरक पडतो. पण वेग एक टक्का चुकला तर पल्ला दोन टक्के, म्हणजे १६ सेंटिमीटर बदलतो.

म्हणून स्पर्धेचा विषय जाहीर झाला की पहिला प्रश्न हा : आपले लक्ष्य आपटायचे आहे की भरायचे आहे? आपटायचे असेल तर चेंडू कोणत्या कोनात सुटतो याची राखण करा. भरायचे असेल तर दाबाची राखण करा. इथून पुढे आपण भरणारी फेक घेऊन चालू, कारण हवेची खरी परीक्षा तिच्यात होते.

सिलिंडर एकटा का पुरत नाही

हवेच्या सिलिंडरमध्ये एक दट्ट्या असतो. मागून हवा सोडली की तो पुढे सरकतो आणि त्याला जोडलेला दांडा बाहेर येतो. मग दांड्याच्या टोकावर चेंडू ठेवून सरळ ढकलला तर? अडचण वेगाची आहे. कारखान्यांसाठी बनलेले सर्वसाधारण सिलिंडर सेकंदाला अर्धा ते एक मीटर वेगासाठी असतात. आपल्याला ९ मीटर हवेत. सिलिंडरकडे जोर भरपूर आहे, वेग नाही. जोर देऊन वेग घ्यायचे साधन म्हणजे तरफ.

शेतात पाखरे हाकणारी गोफण हेच करते. मनगट थोडेसे फिरते, दोरीच्या टोकाचा दगड मात्र मोठ्या वर्तुळात धावतो. आपण दोरीऐवजी ताठ हात घेऊ. हाताची लांबी ६० सेंटिमीटर, आणि सिलिंडरचा दांडा हाताच्या कण्यापासून ६.५ सेंटिमीटरवर जोडलेला. गुणोत्तर सुमारे ९.२ झाले. टोकाला ९ मीटर वेग हवा असेल तर दट्ट्याला साधारण १ मीटर प्रति सेकंद पुरते. तो सिलिंडरच्या आवाक्यात आला. दट्ट्याची धाव ८० मिलिमीटर घेतली तर हात सुमारे ७६ अंश फिरतो. म्हणजे टोक ८० सेंटिमीटर प्रवास करते आणि ही सगळी फेक साधारण ०.१८ सेकंदात उरकते.

ऊर्जेचा हिशेब

९ मीटर वेगाने जाणाऱ्या ५८ ग्रॅमच्या चेंडूची गतिज ऊर्जा सुमारे २.३५ ज्यूल. पण यंत्राला केवळ चेंडू फेकायचा नसतो, स्वतःचा हातही फेकायचा असतो. हात १५० ग्रॅमच्या हलक्या नळीचा असेल तर त्याची जडता टोकावर ठेवलेल्या ५० ग्रॅमएवढी भरते. एकसारख्या दांड्याचा एकतृतीयांश भागच टोकावर मोजला जातो. चेंडू धरणारी वाटी ४० ग्रॅमची, आणि ती टोकावरच असल्याने पूर्ण मोजायची. हे ९० ग्रॅम ९ मीटर वेगाने जाताना ३.६५ ज्यूल खातात. म्हणजे एकूण ६ ज्यूल, आणि त्यातला मोठा वाटा चेंडूचा नसून हाताचा आहे.

यातून एक व्यवहारी सूत्र मिळते. टोकावर वाचवलेला एक ग्रॅम हा हाताच्या मध्यावर वाचवलेल्या चार ग्रॅमइतका मोलाचा असतो. वाटी त्रिमितीय छपाईने करताना ती सुबक दिसावी म्हणून जाड ठेवण्याचा मोह आवरावा.

आता सिलिंडर निवडू. नवख्या संघाची पहिली निवड बहुधा अशी असते : प्रयोगशाळेत सापडलेला ३२ मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर आणि ५ बार दाब. क्षेत्रफळ ८ चौरस सेंटिमीटर, बळ सुमारे ४०० न्यूटन, ८० मिलिमीटर धावेत काम ३२ ज्यूल. लागतात ६, आहेत ३२. मनात येते, जास्त असलेले बरेच!

नळ तोच, बादली मोठी

इथेच कागदावरचा हिशेब आणि प्रत्यक्ष यंत्र यांची फारकत होते. वरचे ३२ ज्यूल तेव्हाच मिळतील, जेव्हा दट्ट्या पळत असताना त्याच्या मागचा दाब ५ बारवर टिकून राहील. पण दट्ट्या पुढे सरकला की मागे जागा तयार होते आणि ती जागा भरायला हवा व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून यावी लागते. १ मीटर वेगाला ३२ मिलिमीटरचा दट्ट्या दर सेकंदाला जवळपास ७९० घनसेंटिमीटर जागा उघडतो. ती ६ बार निरपेक्ष दाबाच्या हवेने भरायची, म्हणजे साध्या हवेच्या हिशेबात मिनिटाला सुमारे २८५ लिटर.

व्हॉल्व्हच्या माहितीपत्रकात 'नाममात्र प्रवाह' दिलेला असतो. एम-५ आट्यांच्या इवल्याशा व्हॉल्व्हचा तो शे-दीडशे लिटरच्या घरात असतो, आठांश इंचीचा साधारण पाचशेच्या पुढे. म्हणजे छोट्या व्हॉल्व्हवर मोठा सिलिंडर लावला की सिलिंडर उपाशी राहतो. नळ तोच ठेवून बादली मोठी केली, तर ती लवकर कशी भरणार? मोठ्या व्यासाचा दट्ट्या अशा वेळी उलट हळू पळतो.

यात निसर्गानेही एक कुंपण घातले आहे. भोकाच्या पुढचा निरपेक्ष दाब मागच्या दाबाच्या सुमारे ५३ टक्क्यांखाली गेला, की भोकातल्या हवेचा वेग ध्वनीच्या वेगाला पोहोचतो आणि तिथेच अडतो. पुढचा दाब आणखी कमी केला तरी प्रवाह वाढत नाही. मग दोनच उपाय उरतात : मागचा दाब वाढवणे किंवा भोक मोठे करणे. दाबाला नियमाची मर्यादा आहे, भोकाला नाही. म्हणून मोठ्या भोकाचा व्हॉल्व्ह, जाड आणि आखूड नळी, आणि कमीत कमी वळणे. नळीच्या जोडातला एक अरुंद कोपराही सगळ्या वाटेवर पाणी फिरवू शकतो.

आता दुसरी निवड पाहू : २५ मिलिमीटर व्यास, ४ बार दाब. बळ १९६ न्यूटन, ८० मिलिमीटरला काम सुमारे १५.७ ज्यूल. लागणारे ६ ज्यूल त्याच्या ३८ टक्के आहेत. उरलेले घर्षण, नळीतला दाबक्षय आणि परतीच्या रबराला. हवेचा प्रवाह मिनिटाला सुमारे १४५ लिटर, म्हणजे आधीच्या निम्मा. आठांश इंची व्हॉल्व्ह तो आरामात देतो. लहान सिलिंडर, कमी दाब, आणि फेक अधिक भरवशाची.

दट्ट्याच्या पुढची हवाही बाहेर पडली पाहिजे. तिला वाट नसेल तर ती गादीसारखी आडवी येते. हात परत आणायला हवा न वापरता रबर किंवा स्प्रिंग लावली तर पुढचा कप्पा कायम मोकळा ठेवता येतो. दोन्ही बाजूंनी हवा वापरायचीच असेल तर पुढच्या तोंडावर, अगदी सिलिंडरला चिकटून, हवा झटकन सोडणारा व्हॉल्व्ह बसवावा.

चेंडू कधी सुटतो?

चेंडू नेहमी हाताच्या काटकोनात, वर्तुळाच्या स्पर्शरेषेत सुटतो. ४५ अंशांत वर जायचा असेल तर सुटण्याच्या क्षणी हात उभ्या रेषेच्या ४५ अंश मागे हवा. गोफण फिरवणारा एक दोरी नेमक्या वेळी सोडतो, तेच इथे यंत्राने करायचे आहे.

हे काम प्रोग्रॅमवर सोपवून भागत नाही. टोकाला ९ मीटर वेग म्हणजे हात सेकंदाला सुमारे ८६० अंश वेगाने फिरतो आहे. १० मिलिसेकंदांत साडेआठ अंश! विद्युत व्हॉल्व्हचा उघडण्याचा वेळ प्रत्येक वेळी काही मिलिसेकंद इकडेतिकडे होतच असतो. म्हणून सुटण्याचा क्षण यांत्रिक अडणीने ठरवावा. हात रबराच्या पक्क्या ठोकळ्यावर आपटतो, थांबतो, आणि वाटीतला चेंडू पुढे निघून जातो. ठोकळा खाचेत पुढेमागे सरकणारा ठेवला की कोन बदलता येतो. ही अडण सिलिंडरच्या आत नको. हाताची साडेतीन-चार ज्यूल ऊर्जा दर फेकीला दट्ट्याने आपल्याच झाकणावर झेलली, तर सिलिंडर फार दिवस टिकत नाही.

व्हॉल्व्हच्या लहरीपणातून पूर्ण सुटण्याची आणखी एक युक्ती आहे. हात खिटीने अडकवून ठेवायचा, सिलिंडरच्या मागे आधीच पूर्ण दाब द्यायचा, आणि फेकताना फक्त खिटी सोडायची. पण एक अट आहे : दट्ट्या मागे असताना त्याच्यामागे जागा नगण्य असते, म्हणून तिथे साठलेली हवाही नगण्य. सिलिंडरच्या तोंडाशी एक लहानशी टाकी रुंद नळीने जोडली, तरच ही युक्ती फळते. तेव्हा फेकीच्या वाटेत व्हॉल्व्ह उरतच नाही.

बाटलीत किती फेकी?

रोबोकॉनचे संघ हवा साठवायला पुष्कळदा शीतपेयाच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या वापरतात. समजा २ लिटरची एक बाटली गेजवर ६ बारपर्यंत भरली. रेग्युलेटर लावलाच नाही आणि ३२ मिलिमीटरचा सिलिंडर थेट जोडला, तर प्रत्येक फेकीला ६४ घनसेंटिमीटर हवा ७ बार निरपेक्ष दाबाने जाते. बाटलीतला दाब सुमारे ०.२२ बारने उतरतो, म्हणजे पावणेचार टक्के. पल्ला वेगाच्या वर्गावर अवलंबून, वेगाचा वर्ग ऊर्जेवर, ऊर्जा गेजच्या दाबावर. म्हणून ढोबळ नियम असा, की दाब जितके टक्के उतरतो तितके टक्के पल्ला उतरतो. ८ मीटरवर हे ३० सेंटिमीटर झाले. दुसरा चेंडू फूटभर अलीकडे, तिसरा दोन फूट! शिवाय भराभर फेकल्यावर बाटलीतली हवा प्रसरणाने थंड होते आणि दाब तात्पुरता याहूनही खाली जातो.

आता रेग्युलेटर लावून ५ बारवर काम करू. ३२ मिलिमीटरच्या सिलिंडरला एका फेकीला ०.१९ बार लागतात. बाटलीत ६ आणि कामाला ५, म्हणजे हाताशी फक्त १ बार. जेमतेम पाच फेकी. आणि २५ मिलिमीटर, ४ बारची निवड? एका फेकीला बाटलीतून ०.१ बार जातो आणि हाताशी २ बार आहेत, वीस फेकी. रेग्युलेटरला नीट काम करायला थोडी फट लागते, म्हणून पंधरा धरा. तीच बाटली, तोच नियम, पण फेकी तिप्पट आणि प्रत्येक फेक सारखी. संघ हरतो तो बहुधा कमी जोरामुळे नव्हे. पहिला चेंडू टोपलीत आणि चौथा बाहेर पडला म्हणून हरतो.

आखाती ऊन आणि दमट हवा

पुस्तकात नसलेला आणि इथे राहणाऱ्यांना रोज भेटणारा भाग हा. हवा बंद असेल तर तिचा निरपेक्ष दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो. वातानुकूलित सभागृहात २४ अंश सेल्सिअसला बाटली ६ बारपर्यंत भरली आणि ती उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवली. उन्हाळ्यात बंद गाडी आतून ६५ अंशांपर्यंत सहज तापते. निरपेक्ष तापमान २९७ वरून ३३८ केल्व्हिनवर गेले, तर निरपेक्ष दाब ७ वरून जवळपास ८ बारवर जातो. गेज ७ दाखवेल. कुणी हात न लावता नियम मोडला! त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे या बाटल्या ज्या पेट प्लॅस्टिकच्या असतात, ते ७० ते ८० अंशांच्या दरम्यान मऊ पडू लागते. दाब वाढतो आहे आणि भिंत नेमकी त्याच वेळी मऊपणाकडे चालली आहे. म्हणून भरलेली बाटली गाडीतून न्यायची नाही. हवा सोडा, रिकामी न्या, सभागृहात भरा.

उलट बाजूही पाहा. कॉम्प्रेसरमधून निघालेली हवा गरम असते. गेजवर ६ दिसले म्हणून लगेच थांबलात, तर बाटली थंड झाल्यावर आकडा खाली आलेला दिसेल. पाच मिनिटे थांबून पुन्हा पाहावे.

दुसरा पाहुणा म्हणजे दमटपणा. ३५ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असलेल्या एका घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम वाफ असते. २ लिटरची बाटली रिकामीपासून पूर्ण दाबाला भरताना अशी १४ लिटर हवा लागते, म्हणजे तिच्यात एक तृतीयांश ग्रॅम वाफ आली. पण २४ अंशांना २ लिटर जागेत ०.०४ ग्रॅमच वाफ मावते, दाब कितीही असो. उरलेल्याचे पाणी होते : दर वेळी पाच-सहा थेंब. रिकामी बाटली वीसदा भरली तर चहाचा चमचाभर. हे पाणी व्हॉल्व्हमध्ये शिरते, वंगण धुऊन नेते, आत सरकणारा भाग चिकटू लागतो आणि उघडण्याचा वेळ बदलतो. इलाज सोपा आहे. कॉम्प्रेसर बाहेरच्या दमट हवेत न ठेवता वातानुकूलित खोलीत ठेवा, वाटेत पाणी पकडणारा फिल्टर बसवा, आणि बाटली अशी उभी करा की हवा वरून निघेल व पाणी तळाशी राहील.

बाटलीला क्षुल्लक समजू नका

६ बारला भरलेल्या २ लिटरच्या बाटलीतून फुटताना सुमारे ९०० ज्यूल ऊर्जा मोकळी होऊ शकते. ९० किलोचा माणूस एक मीटर वर उचलायला एवढी ऊर्जा लागते, आणि इथे ती क्षणार्धात सुटते. म्हणून बाटली निर्दोष हवी : ओरखडा नाही, घडी नाही, उन्हात पडून राहिलेली नाही. कापून, चिकटवून, छिद्र पाडून केलेली बाटली अजिबात नको. जोड बुचाच्या बाजूने घ्यावा.

नवी बाटली तपासायची असेल तर ती हवेने नव्हे, पाण्याने काठोकाठ भरून मग दाब द्यावा. पाणी जवळजवळ दबत नाही, त्यामुळे त्याच दाबाला २ लिटर पाण्यात साठलेली ऊर्जा एक ज्यूलसुद्धा नसते. बाटली फुटलीच तर पाणी सांडेल, तुकडे उडणार नाहीत. कारखान्यांतल्या दाबाच्या टाक्या पाण्याने तपासतात त्याचे कारणही हेच.

रोबोटवर आणखी तीन गोष्टी असू द्या : ठरलेल्या दाबाला आपोआप उघडणारा सुरक्षा व्हॉल्व्ह, सगळी हवा एका हालचालीत सोडणारा हाताचा व्हॉल्व्ह, आणि भरताना डोळ्यांवर चष्मा. हाताच्या ७६ अंशांच्या फेऱ्यात कुणाचे डोके येऊ नये म्हणून जमिनीवर रंगीत पट्टी आखावी. हवा बंद केली तरी सिलिंडरमध्ये दाब उरतो. दुरुस्तीआधी तो सोडलाच पाहिजे.

मग वही उघडा

यंत्र उभे राहिले की एका दाबावर दहा फेकी करा. दर फेकीला चार गोष्टी लिहा : बाटलीचा दाब, रेग्युलेटरचा दाब, खोलीचे तापमान, आणि चेंडू पडला ते ठिकाण. जमिनीवर खडूची पावडर पसरली तर ठिकाण अचूक मिळते. मग दोन आकडे काढा. दहांची सरासरी लक्ष्यापासून किती दूर आहे, आणि ते दहा चेंडू आपसांत किती विखुरले आहेत.

सरासरी चुकली असेल तर घाबरायचे कारण नाही; रेग्युलेटर किंचित फिरवला की ती जागेवर येते. विखुरणे जास्त असेल तर मात्र रेग्युलेटर काहीच करू शकत नाही. ते यंत्रातले आहे : वाटीत चेंडू दर वेळी वेगळा बसतो, कण्यात खेळ आहे, ठोकळा सैल आहे, व्हॉल्व्ह चिकटतो आहे किंवा चेंडूच एकसारखे नाहीत. ठिपके पुढे-मागे पसरले असतील तर आधी दाबाकडे पाहा, डावी-उजवीकडे पसरले असतील तर हाताच्या कण्याकडे. आणि पहिल्या फेकीपासून दहाव्यापर्यंत चेंडू क्रमाने अलीकडे सरकत असतील, तर बाटली लहान आहे किंवा कामाचा दाब जास्त ठेवला आहे.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा दहा फेका. चाचणी सकाळच्या गार खोलीत आणि दुपारी दारे उघडी असताना, अशी दोनदा करा. दोन्ही वह्यांतले आकडे जुळले, की तो हात स्पर्धेच्या मैदानावर न्यायला हरकत नाही.